आमदाराचा भाऊ

विहीर खणली थोरल्यानं आणि निवडून आला धाकटा. एवढं सांगितलं की खरं तर सगळं सांगून झालं. पण थोरल्याचं ते सांगून कधी झालंच नाही. तीस वर्षं तो तेच सांगत होता. बायकोला, न्हाव्याला, जोडीदाराला, आणि कुणीच नसलं तर हाताखालच्या दगडाला. दगड निदान निमूट ऐकून घ्यायचा. बायको म्हणायची, "माझ्यापुढं कशाला गाऱ्हाणं? मी का तिकीट वाटते? जायचं आणि त्याला तोंडावर विचारायचं."

थोरल्याचा धंदा सुरुंगाचा. दगडात भोकं पाडायची, दारू ठासायची, वाती पेटवायच्या, झटक्यात वर यायचं आणि बार मोजायचे. सोबत खडक्या. खडक्याला त्याच्या जन्मनावानं हाक मारली तर त्यानं मागं वळून पाहिलं नसतं, इतकी वर्षं तो खडक्याच होता. घण त्याचा, छिन्नी थोरल्याची. दोघांनी मिळून पन्नासएक विहिरी खणल्या होत्या आणि दोघांची वीसच्या वीस बोटं शाबूत होती. या धंद्यात ही साधी गोष्ट नव्हे.

तीस वर्षांपूर्वी असाच एक कोरडा उन्हाळा आला होता. तेव्हा शाळेमागची सरकारी विहीर या दोघांनीच खणली. चाळीस फुटांवर पाणी फुटलं त्या दिवशी धाकटा डबा घेऊन आला होता. कॉलेजात आपटून घरी बसलेला, काम ना धाम. थोरला दोराला धरून वर आला आणि काठावर पाय टेकायच्या आधी त्यानं हातातली कुदळ पुढं केली, "धर रे जरा." धाकट्यानं धरली. तेवढ्यात वर आलेल्या टोपलीतला चिखल त्याच्या शर्टावर सांडला आणि तेवढ्यातच पेपरवाल्यानं फोटो काढला. कुदळ धाकट्याच्या हातात, चिखल धाकट्याच्या अंगावर. थोरलाही होता त्या फोटोत. कोपरापासून पुढं. दोर धरलेला नुसता एक हात.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, विद्यार्थ्यानं गावाला पाणी दिलं. थोरला पोट धरधरून हसला. त्याला वाटलं, धाकटा जाऊन सांगेल पेपरवाल्याला. धाकटा गेला नाही. मग पंचायतीची निवडणूक आली आणि तो फोटो भिंतीभिंतीवर लागला. मेंबर झाला, पाच वर्षांत सभापती झाला. आमदारकीला पक्षानं तिकीट नाकारलं तर पठ्ठ्या अपक्ष उभा राहिला, आणि नशीब बघा, चिन्ह मिळालं बादली! विहीर आहेच, आता बादली आली. दणकून निवडून आला. पुढं त्यानं दोनदा पक्ष बदलला, तीनदा गाडी बदलली, चष्मा बदलला, फोटो तेवढा बदलला नाही. "या हातांनी विहीर खणली आहे मी," असं म्हणून भाषणात दोन्ही हात वर करायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. हात बघा म्हणावं जवळून, थोरला पुटपुटायचा. लोण्याचे गोळे परवडले.

आता चौथ्यांदा आमदार होता तो. मंत्रिपदासाठी त्याचं नाव पेपरात रोज येत होतं. आणि थोरल्याला रस्त्यात कुणी ओळख करून दिली तर म्हणायचे, हे आमदारसाहेबांचे भाऊ. पन्नास विहिरी खणल्या त्याचं काही नाही, एका आईच्या पोटी जन्मला हेच काय ते कर्तृत्व. त्याचा जीव जळायचा. मत्सर म्हणा, पोटदुखी म्हणा, त्यानं स्वतःशी ते कधी नाकारलं नाही. भावाची गाडी वळणावर हॉर्न देताना ऐकू आली की घशाखाली घास उतरायचा नाही. धाकट्यानं दोनदा नोकरी देऊ केली, एकदा ठेका देऊ केला. थोरल्यानं तिन्ही वेळा पाठ फिरवली. त्याला नोकरी नको होती, ठेका नको होता. त्याला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, भाषणाच्या भोंग्यातून त्याचं नाव निघावं.

यंदा पावसानं तिसऱ्या वर्षी पाठ फिरवली आणि विहिरीनं तळ दाखवला. अजून पंधरा फूट खाली जायचं ठरलं. ठेका भलत्यालाच मिळाला, पण त्या खडकाची नस माहीत असलेली माणसं दोनच. ठेकेदार झक मारत थोरल्याच्या दारात आला.

दीड महिना दोघं त्या खड्ड्यात होते. वर दोन खांबांवर रहाट, रहाटाला दांडा, दोराच्या टोकाला बसायची फळी; तिला ते पाळणा म्हणायचे. सकाळी पाळण्यात बसून खाली जायचं ते उन्हं डोक्यावर येईपर्यंत. खाली वारा नाही. दगड काळा, निबर. छिन्नीची धार चार घावांत घालवणारा. थोरल्यानं छिन्नी धरायची, खडक्यानं घण मारायचा, प्रत्येक घावाला थोरल्यानं छिन्नी अर्धा फेरा फिरवायची. मनगटं संध्याकाळी अशी भरून यायची की बायकोला शर्टाची बटणं सोडावी लागायची.

"लुगड्यासारखं नेसा काहीतरी," ती म्हणायची. "बटणांची कटकट नको."

पन्नास फुटांवर दगड ओलसर लागला. खडक्यानं जीभ लावून पाहिला आणि मान हलवली. म्हणजे आणखी दोन-तीन फुटांवर पाणी. ही बातमी ठेकेदारानं वर नेली आणि वरून निरोप आला, शेवटचे बार साहेबांच्या समोर उडवायचे. आधी भाषण, मग बार, मग साहेब स्वतः विहिरीत उतरून कुदळ मारणार.

"फोटो जुना झाला असेल," खडक्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं थोरल्याचा धुतलेला शर्ट खुंटीवरून काढून त्याच्या मांडीवर टाकला. "जा आणि सांगून या. म्हणावं, विहीर दुसऱ्यांदा खणतोय. या वेळी तरी नाव घे. आयत्या बिळावर नागोबा किती दिवस बसायचा?"

धाकट्याच्या बंगल्यात बाहेरच्या खोलीत वीसेक माणसं बसलेली होती. कुणाची बदली, कुणाचा रस्ता, कुणाचं पोरगं तुरुंगात. थोरल्याला बाकावर टेकायला जागा मिळाली ती दरवाज्याच्या पाठीमागं; दर वेळी दार उघडलं की गुडघ्यावर आपटायचं. सहायकानं वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "नाव? काम?"

"भाऊ आहे मी."

"सगळेच भाऊ असतात हो. काम काय?"

दीड तास गेला. मग धाकटा स्वतःच कुणाला तरी सोडायला बाहेर आला आणि त्याची नजर पडली. "दादा! अरे, इथं काय बसलास? आत नाही का यायचं!" त्यानं सगळ्यांसमोर मिठी मारली. सेंटचा वास आला. सहायक धडपडून उभा राहिला. थोरल्याला हेच नेमकं सहन व्हायचं नाही. हा वाईट असता, तुसडा असता, तर मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या. पण हा जवळ घ्यायचा, वहिनीची विचारपूस करायचा, गुडघा कसा आहे म्हणायचा. शिवी ओठावर आलेली गिळावी लागायची, आणि गिळलेली शिवी बाधते.

थोरला आडवळणानं बोलूच शकत नव्हता. म्हणाला, "परवा भाषणात माझं नाव घे. विहीर मी खणली एवढंच म्हण. बाकी काही नको."

धाकटा थोरल्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाला, "अरे, हे काय मागणं झालं! पहिलं नाव तुझंच."

थोरला घरी आला तो तरंगतच. आल्या आल्या न्हाव्याकडे गेला, मिशा कातरून घेतल्या. वाटेत भेटेल त्याला सांगितलं, परवा या भाषणाला, या म्हणजे कळेल. शहाण्या माणसानं आनंद असा बाजारात मांडू नये, पण तीस वर्षांची भूक होती, आवरणार कशी?

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. थोरल्याची बायको सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसली. स्टेजवर तिची जाऊ, धाकट्याची बायको, मऊशार साडीत. तिनं वरून हात केला. थोरलीनं पदर सारखा केल्यासारखं करून तो पाहिलाच नाही. तेवढ्यात छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला. "मावशी, ही रांग पाहुण्यांची. मागं बसा."

"मी कोण आहे ठाऊक आहे का?"

"मावशी, वाद नको. ठेकेदारसाहेबांची मंडळी उभी आहेत."

ती उठली. मागं खुर्च्या संपल्या होत्या, म्हणून खांबाला टेकून उभी राहिली.

थोरला तेव्हा विहिरीच्या तळाशी होता. भोकं आठ. आठांत दारू भरून झाली होती, वर ओल्या मातीचे गोळे ठासून झाले होते. वाती त्यानं नेहमीसारख्या कापल्या. पहिली सगळ्यांत आखूड, पुढची प्रत्येक चार बोटं लांब. म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. मोजणं हाच या धंद्याचा प्राण. आठ भरले आणि सात उडाले, तर एक खाली जिवंत राहिला. त्यावर कुदळ पडली की माणसाचं काय होतं ते वेचायलाही उरत नाही. म्हणून दोघांनी पाठीला पाठ लावून, बोटं मिटत, वेगवेगळं मोजायचं आणि शेवटी एकदम आकडा सांगायचा. आकडे जुळले नाहीत तर कमी तो खरा, आणि मग दुसऱ्या दिवशीपर्यंत विहिरीत कुणी उतरायचं नाही. हा नियम थोरल्याच्या बापानं घालून दिला होता. इतक्या वर्षांत त्यांचे आकडे एकदाही चुकले नव्हते.

भोंग्याचा आवाज विहिरीत घुमत उतरत होता. थोरला वातींवर हात ठेवून वर मान करून ऐकत होता. धाकट्यानं आधी व्यासपीठावरच्यांची नावं घेतली. मग ठेकेदाराचं घेतलं. मग मुख्याध्यापकांचं, मग मांडववाल्याचं, मग वीज जोडून देणाऱ्याचंसुद्धा. प्रत्येक नावाला थोरल्याला वाटायचं, आता माझं, आता माझं. मग आवाज चढला. "तीस वर्षांपूर्वी या हातांनी..." आणि टाळ्या. "आज पुन्हा मीच या विहिरीत उतरणार आहे..." पुन्हा टाळ्या. मग जयजयकार. मग शिट्टी वाजली. शिट्टी म्हणजे वाती पेटवायची खूण.

संपलं होतं भाषण.

थोरल्यानं काडी ओढली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दोन काड्या लागल्या. आठही वाती पेटवून तो पाळण्यात बसला, दोर हलवला, खडक्यानं भराभरा दांडा फिरवून त्याला वर घेतला. दोघं धावत दगडी बांधामागं गेले आणि पाठीला पाठ लावून उभे राहिले.

एक. दोन. तीन. जमीन हादरत होती. चार. पाच. इतक्यात कुणा अतिउत्साही कार्यकर्त्यानं फटाक्यांची माळ पेटवली. तडतडाट झाला, पोरं ओरडली. सहा. मग सात. मग नुसते फटाके, आणि मग काहीच नाही.

आता फटाका कुठला आणि बार कुठला हे सुरुंगवाल्याला कळत नाही, असं कुणी म्हणेल का? बार कानानं मोजत नाहीत, तळपायानं मोजतात. थोरल्याच्या तळपायाला सात लागले होते. सातच.

दोघं एकदम बोलले. खडक्या म्हणाला, "सात." थोरला म्हणाला, "आठ."

खडक्या गर्रकन वळला. थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही. आठ म्हणताना त्याच्या मनात काय होतं? खोटं कशाला बोला. मनात होतं, उतरू दे. त्याची विहीर आहे ना? त्यानं खणली ना या हातांनी? मग मारू दे कुदळ.

"कमी तो खरा," खडक्या हळू म्हणाला.

सहायक घड्याळ बघत आला. "झाले का आठ?"

"सात झालेत," खडक्या म्हणाला. "आज कुणाला उतरता येणार नाही."

"यात मुख्य कोण? तू की हे?" सहायकानं थोरल्याकडे वळून विचारलं, "तुम्ही सांगा. आठ ना?"

"आठ," थोरला म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणायला पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

खडक्यानं रहाटाचा दांडा सोडला आणि बाजूला झाला. "मी फिरवणार नाही," म्हणाला. दोन कार्यकर्ते पुढं झाले, त्यांनी दांडा धरला. धूर विरेपर्यंत लोकांनी काठाभोवती गर्दी केली. कॅमेरावाला दगडावर चढला. धाकटा आला, बूट काढले, विजारीच्या घड्या वर केल्या, कुणीतरी नवीकोरी कुदळ हातात दिली. पाळण्यावर बसताना त्यानं थोरल्याकडे पाहिलं.

"दादा, झालं ना सगळं?"

"हं," थोरला म्हणाला.

धाकटा त्याच्याकडे पाहतच राहिला, अर्धा क्षण जास्त. मग कार्यकर्त्यांना म्हणाला, "सोडा."

दांडा फिरला. पांढरा शर्ट काठाखाली गेला. एक फेरा, दोन, तीन. पाळणा हेलकावे खायला लागला आणि धाकट्याचे पाय भिंतीकडे जाऊ लागले. हा कधीच नीट बसायला शिकला नाही, लहानपणापासून पाय बाहेर फेकायची सवय.

"गुडघे आत घे रे!" थोरला ओरडला. "सोलून निघतील!"

आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. गुडघे सोलतील याची काळजी! ज्याच्या चिंध्या होणार आहेत त्याच्या गुडघ्यांना खरचटू नये म्हणून आपण ओरडतोय. तो तसाच त्या दोघा कार्यकर्त्यांवर जाऊन पडला आणि दांडा दोन्ही हातांनी आवळून धरला.

"वर घ्या! वर घ्या त्याला!"

"अहो, काय झालं?"

"मी चुकलो! सातच झालेत. एक बार खाली जिवंत आहे. मोजायला मी चुकलो!"

मग एकच कल्ला. धाकट्याला वर ओढला. सहायक थोरल्याच्या अंगावर धावून आला, "साहेबांच्या जिवाशी खेळता? दारू पिऊन आलात का?" ठेकेदार कपाळाला हात लावून बसला. धाकट्याचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण शेवटी तो मुरलेला माणूस. पाच मिनिटांत स्टेजवर होता, माइक हातात.

"मंडळी, घाबरू नका. हा माझा सख्खा थोरला भाऊ." आणि त्यानं नाव घेतलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. भोंग्यातून ते शाळेच्या भिंतीवर आदळलं आणि परत आलं. "वय झालं दादाचं. आठाचे सात आणि साताचे आठ व्हायला लागलेत. मलाही आता हिशेब जपूनच द्यावा लागणार त्याला!"

मांडव हसला. खदाखदा हसला. मग विहिरीच्या काठावर कुदळ घेऊन फोटो झाला आणि गाड्या निघून गेल्या.

घरी बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "घेतलं हो नाव," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत."

तिला काय सांगणार? संध्याकाळी दुकानापाशी पोरांनी हाक मारली, "काय सुरुंगवाले, सात का आठ?" ठेकेदाराचा निरोप आला की हे काम उरका, पुढच्या कामाला जरा तरणा माणूस बघतोय. कधीच चुकला नाही, ही एकच पुंजी थोरल्याकडे होती. ती भर चौकात उधळली गेली होती, आणि खरं सांगायचं तर तो चुकलाही नव्हता. तो त्याहून वाईट होता. हे ठाऊक असलेला माणूस एक, खडक्या. आणि खडक्या काही बोलणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं विहिरीवर आले. न उडालेल्या बाराचं एक तंत्र असतं. वरून पाणी ओतत राहायचं, दारू भिजवायची, लाकडी कांडीनं मातीचा गोळा कोरून काढायचा. लोखंड लावायचं नाही. हे काम एकट्यानं करायचं, दोघांनी खाली जायचं नाही. थोरला म्हणाला, "मी जातो." खडक्यानं नेहमीसारखा वाद घातला नाही.

बादल्या भरून होत होत्या तेव्हा शाळेच्या बाजूनं कुणीतरी चालत आलं. धाकटा होता. गाडी नाही, सहायक नाही, पायांत साध्या चपला. खडक्याला पाहून त्यानं मान हलवली आणि दगडावर बसला.

"आज राजधानीला निघालोय," तो म्हणाला. "उद्या शपथ आहे."

"बरं झालं," थोरला म्हणाला.

"दादा, काल तू खरंच चुकलास?"

"माणूस चुकतो."

"तू नाही चुकत." धाकटा चपलेनं माती उकरत होता. "मीही मोजले होते. शाळेला सुट्टी असली की तू मला बांधामागं बसवून मोजायला लावायचास, ती खोड काही गेली नाही. स्टेजवर पायाखाली फळ्या, त्यात फटाके, तरी मोजले. मला सात लागले."

थोरल्याच्या हातातली बादली खाली टेकली. "सात लागले? मग पाळण्यात बसलास कशाला, गाढवा?"

"तू आठ म्हणालास," धाकटा म्हणाला. "म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल."

थोरल्याला वाटलं, आता गप्प राहिलं तर निभावून जाईल. हा उद्या मंत्री होईल, आपण चुकणारे म्हातारे ठरू, कुणाला काही कळणार नाही. पण गप्प राहवेना.

"मलाही सातच लागले होते," तो म्हणाला.

धाकट्याला आधी कळलं नाही. मग कळलं. तो दगडावरून उठला, पुन्हा बसला. खडक्या पाठ करून दोर तपासू लागला.

"एका नावासाठी?" धाकट्यानं विचारलं.

"एका नावासाठी."

"ओठांवर आलं होतं, दादा. शपथ घेऊन सांगतो. मग वाटलं, तुझं नाव घेतलं की पुढचं सगळं सांगावं लागेल. मग लोक विचारतील, तू काय केलंस? काय सांगू? कुदळ धरली, असं सांगू?"

"विहीर माझी आहे," थोरला म्हणाला.

"तुझीच आहे. मला काय ते ठाऊक नाही? रोज ठाऊक असतं. तुला वाटतं, तू एकटाच जळत होतास?"

रस्त्यावरून गाडीचा हॉर्न आला. धाकट्यानं तिकडे पाहिलं नाही. थोरल्यानं लाकडी कांडी कमरेला खोचली, पाण्याचा डबा घेतला आणि पाळण्यावर बसला. खडक्या दांड्यापाशी गेला तसा धाकटा मध्ये आला.

"दांडा मी धरतो."

खडक्यानं थोरल्याकडे पाहिलं. पन्नास फूट खाली दगड आणि वर हे मऊ हात. आणि त्या हातांच्या मालकाला आताच सांगून झालं होतं की काल मी तुला मारायला निघालो होतो. नाही म्हणायला थोरल्याला कुणाची भीड नव्हती.

"धरू दे त्याला," तो म्हणाला.

पाळणा उतरू लागला. काठ वर गेला, उजेड लहान झाला. वीस फूट. तीस. थोरल्यानं स्वतः रचलेले दगड त्याच्या खांद्याजवळून वर सरकत होते. आणि मध्येच पाळणा थांबला.

वरून आवाज नाही. दोर कुरकुरला. थोरल्यानं खाली पाहिलं, मग वर पाहिलं. मग त्याला वाटलं, ठीक आहे. फिटंफाट झाली. त्याचा काही दोष नाही. त्यानं डोळे मिटले आणि गुडघे आत ओढून घेतले.

"दादा!"

"काय रे?"

"थांब जरा. तळवे सोललेत, दांडा निसटतोय. हात बदलून घेतो."

थोरल्याला एकदम रडू फुटलं. तिथं बघणारं कुणी नव्हतं म्हणून त्यानं ते आवरलंही नाही. बाहीला नाक पुसलं आणि जमेल तेवढ्या साध्या आवाजात वर ओरडला, "घे बदलून. घाई करू नको."

पाळणा पुन्हा खाली सरकू लागला.